अंबडमधून निघालेला जुना पीसी आणि घरचा फाइल सर्व्हर

टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आमच्याकडे चार पोर्टेबल हार्ड डिस्क होत्या. प्रत्येकीवर स्केचपेनने नाव लिहिलेलं: ‘लग्न’, ‘कुंभ २०१५’, ‘नानांची कीर्तनं’ आणि चौथीवर ‘रिकामी?’. ते प्रश्नचिन्ह माझंच. ती डिस्क खरंच रिकामी आहे का हे बघायचं धाडस पुढे कोणी केलं नाही. लग्नाचे अर्धे फोटो कुंभाच्या डिस्कवर, कुंभाचे तीन ठिकाणी, आणि रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात) उड्या मारतानाचा जो व्हिडिओ दरवर्षी सगळ्यांना हवा असतो तो कुठेच नाही. एका रविवारी ‘कुंभ’ लॅपटॉपला लावली तर आतून टक, टक, टक असा आवाज यायला लागला. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको.

बरेचसे फोटो इतरत्र होते म्हणून वाचलो. पण घरातलं सगळं एका जागी, सगळ्यांना सापडेल असं, म्हणजे घरच्या नेटवर्कवर कायम चालू असणाऱ्या एका पीसीवर (फाइल सर्व्हरवर) ठेवायचं त्या दिवशी ठरलं. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून फुकटची अमर्याद साठवण बंद केली, तेव्हाच हे करायला हवं होतं. असो. जे केलं ते क्रमाने सांगतो, चुकांसकट.

आधी दोन फोल्डर

दुकानात जाण्याआधी कागद घ्या आणि घरातल्या डेटाचे दोन भाग करा. गेलं तर परत मिळणार नाही ते एका बाजूला: फोटो, घरचे व्हिडिओ, कागदपत्रांचे स्कॅन, वडिलांच्या कॅसेटवरून उतरवलेली कीर्तनं. गेलं तर थोडी चिडचिड होईल पण पुन्हा आणता येईल ते दुसऱ्या बाजूला: सिनेमे, मालिका, मुलांची कार्टून, सॉफ्टवेअर. मी यांना ‘घर’ आणि ‘टाइमपास’ अशी नावं दिली. पुढचा सगळा खर्च याच वाटणीवर ठरतो, कारण प्रती काढायच्या त्या फक्त ‘घर’च्या. टाइमपासची एकच प्रत पुरे.

आमचं ‘घर’ भरलं ६२० जीबी आणि ‘टाइमपास’ १.१ टीबी. अंदाज बांधताना दोन आकडे उपयोगी पडतात. मोबाइलवर फोर-के व्हिडिओ साध्या पद्धतीने काढला तर मिनिटाला साधारण ३५० एमबी खातो, नव्या एचईव्हीसी पद्धतीने त्याच्या निम्मा. जुन्या हॅंडीकॅमची मिनी डीव्ही टेप उतरवली तर तासाला सुमारे १३ जीबी. घरात लहान मूल असेल तर आलेल्या आकड्याला सरळ दोनाने गुणा.

डबा कुठला घ्यायचा

घरातला जुना असेंबल केलेला डेस्कटॉप माळ्यावरून काढावा, असं सगळ्यात आधी मनात येतं. मीही काढला. वॉट मोजायचं एक छोटं मीटर मिळतं, ते लावून बघितलं तर नुसता बसलेला असताना तो ६५ वॉट घेत होता. सर्व्हर चोवीस तास चालतो. ६५ वॉट म्हणजे महिन्याला जवळजवळ ४७ युनिट. आणि ही युनिट बिलात तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबला जाऊन चिकटतात, म्हणजे महिन्याला १०० युनिटच्या आतबाहेर असलेल्या घराला ती जास्तच झोंबतात. फुकटचा डबा वर्षभरात महाग पडतो. तो परत माळ्यावर गेला.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वीज कमी खातो हे खरं. पायच्या चौथ्या पिढीपासून यूएसबी ३ आणि खरं गिगाबिट दोन्ही आहे. पण साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात. म्हणजे वेगळा अ‍ॅडॉप्टर, वेगळी केस, यूएसबीच्या तारांचं जाळं, आणि एखादी तार सैल झाली की डिस्क गायब. हौस म्हणून करा. घरच्यांच्या भरवशाचं यंत्र म्हणून मी करणार नाही.

स्वस्त आणि मस्त पर्याय सध्या वेगळाच आहे. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. त्यामुळे कंपन्यांनी सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट पीसी ढिगाने काढून टाकले. आमच्या नाशिकमध्ये, अंबड आणि सातपूर एमआयडीसीच्या गावात, हा माल यायला वेळ लागत नाही. एम. जी. रोडला दोन-तीन दुकानं फिरलो, तिथून एका ओळखीने दुसऱ्या ओळखीकडे पाठवलं, आणि शेवटी एका गाळ्यात अंबडच्या कुठल्याशा कंपनीतून उचललेले तीस-चाळीस डबे विटांसारखे रचलेले दिसले.

“दादा, याच्यावर विंडोज अकरा नाही चढत हां, आधीच सांगून ठेवतो.”

“विंडोज नकोच आहे मला.”

त्याने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं आणि पाचशे कमी केले. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, साडेनऊ हजार.

घेताना आकार बघा. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर, तिन्हींमध्ये पुस्तकाएवढा छोटा प्रकार असतो आणि त्याहून मोठा, आडवा ठेवता येणारा एसएफएफ नावाचा. छोट्यात साडेतीन इंची डिस्क बसत नाही. एसएफएफ घ्या. दुकानातच झाकण उघडायला लावा, स्क्रू लागत नाही, खटका दाबला की निघतं. आत चार गोष्टी बघा. डिस्क बसवायचा प्लास्टिकचा साचा जागेवर आहे का. डिस्कला वीज देणारी तार आहे का: या कंपन्या ती मदरबोर्डवरून देतात, प्रत्येकीची वेगळी, आणि ती एकटी शोधायला गेलात तर दिवस जातो. सॅटाची, म्हणजे डिस्कची तार जोडायची, किमान दोन तोंडं मोकळी आहेत का. आणि पंख्याची पाती बोटाने फिरवून बघा.

मग पीसी सुरू करून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यात, शिरा. ही पायरी टाळू नका. कंपनीतून निघालेल्या यंत्रांवर बायॉसचा पासवर्ड राहून गेलेला असतो, आणि तो काढणं दुकानदाराचं काम आहे, तुमचं नव्हे. घरी आणल्यावर मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा सेल बदलून टाका. सीआर२०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. सेल मेला असेल तर प्लग काढला की बायॉसच्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात, आणि पुढे दिवे गेल्यावर सर्व्हर आपोआप का उठत नाही याचा शोध तुम्ही भलतीकडे घेत बसता. मी दोन संध्याकाळी घेतला. धूळ काढायला दिवाळीच्या साफसफाईचा ब्लोअर चालतो, पंखा बोटाने धरून. पंक्चरवाल्याच्या हवेत पाण्याचा अंश असतो, तिकडे नेऊ नका.

डिस्क

डबा जुना चालतो, डिस्क नवीच हवी. एवढं एक ठाम.

स्थानिक दुकानात ४ टीबीची साडेतीन इंची डिस्क मागितली की दुकानदार बहुतेक वेळा सीसीटीव्हीची काढतो, कारण खप तिचाच. घरगुती फाइल सर्व्हरला ती चालते. ती चोवीस तास लिहिण्यासाठीच बनवलेली असते आणि साध्या पीसीत साध्या डिस्कसारखीच वागते. फक्त मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर बघून ती सीएमआर आहे की एसएमआर हे पक्कं करा. सीएमआरमध्ये डेटाच्या पट्ट्या सुट्या, एकमेकींशेजारी असतात; एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. मधलं कौल बदलायचं तर वरची रांग उचलावी लागते, तसंच तिथेही एक पट्टी बदलायला शेजारच्या पुन्हा लिहाव्या लागतात. एकदा लिहून फक्त वाचायचं असेल तर निभावतं, सतत लिहायला बसलात तर ती रडकुंडीला येते. किमतीत फार फरक नसेल तर सीएमआर.

दुकानातच सीरियल नंबर टाकून वॉरंटी बघा आणि बिल घ्या. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही. आणि ४ टीबीची डिस्क संगणक ३.६४ दाखवेल. कोणी फसवलेलं नाही, कंपनी हजाराने मोजते आणि संगणक १०२४ ने.

दोन डिस्क घेऊन रेड करावं का? रेड म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहायचं, म्हणजे एक डिस्क मेली तरी काम न थांबणं. चुकून उडवलेला फोल्डर, व्हायरस, विजेचा झटका यातून रेड वाचवत नाही, कारण दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात आणि एकीवर पुसलं ते त्याच क्षणी दुसरीवरही पुसलं जातं. घरात अर्धा दिवस सिनेमा लागला नाही तर काही बिघडत नाही. ते पैसे प्रतीत घाला.

सॉफ्टवेअर चढवणं

मी ओपनमीडियाव्हॉल्ट ही फाइल सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो. डेबियन लिनक्सवर बेतलेलं, फुकट, आणि जवळजवळ सगळं ब्राउझरमधून चालतं. त्याच जातीचं ट्रूनास जास्त भारदस्त आहे, पण त्याला किमान ८ जीबी रॅम लागते आणि त्याची खरी ताकद बऱ्याच डिस्क असल्यावर दिसते. एका डिस्कच्या घराला ओपनमीडियाव्हॉल्ट पुरून उरतं.

त्यांच्या साइटवरून आयएसओ फाइल उतरवा आणि रुफस किंवा बलेनाएचर या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. बायॉसमध्ये दोन बदल करा. पहिला, डिस्कचा मोड ‘एएचसीआय’ ठेवा. डेलच्या यंत्रांत तो पुष्कळदा ‘रेड ऑन’ असतो आणि मग लिनक्सला एसएसडी दिसतच नाही अशी तऱ्हा होते. दुसरा, वीज परत आल्यावर काय करायचं ते. डेलमध्ये ‘एसी रिकव्हरी’, इतरांत ‘आफ्टर पॉवर लॉस’. तिथे ‘पॉवर ऑन’ निवडा.

आता मोठ्या डिस्कची तार काढून ठेवा, आत फक्त एसएसडी राहू द्या. इन्स्टॉलर निवडलेली डिस्क अख्खी पुसून वापरतो, आणि रात्री अकरा वाजता दोन डिस्कच्या नावांत गफलत व्हायला कितीसा वेळ लागतो? होस्टनेम (सर्व्हरचं नाव), रूटचा म्हणजे मुख्य खात्याचा पासवर्ड, वेळेचा विभाग एवढं भरलं की पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केलं की काळ्या पडद्यावर एक आयपी पत्ता दिसतो, १९२.१६८.१.५० असा काहीतरी. तो लिहून घ्या. यापुढे मॉनिटर-कीबोर्डची गरज जवळजवळ नाही.

लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. युजरनेम ‘अ‍ॅडमिन’, पासवर्ड ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’, दोन्ही इंग्रजी छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता. पासवर्ड पहिल्याच मिनिटाला बदला, कारण तो जगाला माहीत आहे.

इथे एक खोड लक्षात ठेवा, नवख्या माणसाचा निम्मा वेळ तिच्यात जातो. तुम्ही काहीही बदललं आणि ‘सेव्ह’ दाबलं तरी ते लागू होत नाही. वर एक पिवळी पट्टी येते, तिच्यातली बरोबरची खूण दाबली की मगच खरा बदल होतो. मी पहिल्या दिवशी तीन वेळा युजर बनवला आणि तिन्ही वेळा पट्टीकडे बघितलंच नाही.

मग राउटरमध्ये जाऊन या यंत्राचा पत्ता कायमचा राखून ठेवा. ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तशाच नावाची सोय असते. नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलतो आणि घरातून हाका यायला लागतात.

डिस्क, फोल्डर आणि माणसं

यंत्र बंद करून मोठी डिस्क जोडा, सुरू करा. लगेच भरायला घेऊ नका. ‘स्टोरेज’मध्ये ‘स्मार्ट’ नावाचा, डिस्कच्या तब्येतीचा विभाग आहे, तिथून डिस्कची मोठी चाचणी लावून झोपायला जा. ४ टीबीला रात्र जाते. सकाळी यादीत ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी बघा. तिथला कच्चा आकडा शून्य हवा. नव्या डिस्कवर शून्य नसेल तर बिल घेऊन त्याच दिवशी दुकान गाठा. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नाही, सॅटाच्या तारेचा. वापराचे तास ९ क्रमांकाला दिसतात. नवी म्हणून घेतलेल्या डिस्कवर तिथे हजारात आकडा असेल तर दुकानदाराला तोही दाखवा.

चाचणी पास झाली की ‘फाइल सिस्टिम्स’मध्ये जाऊन ‘ईएक्सटी४’ (डिस्कवर फाइली ठेवायची लिनक्सची पद्धत) तयार करा आणि माउंट करा, म्हणजे वापरात आणा. ‘शेअर्ड फोल्डर्स’मध्ये ‘घर’ आणि ‘टाइमपास’ बनवा, पण नावं इंग्रजी अक्षरांत. जुने टीव्ही देवनागरी नावाच्या जागी चौकटी दाखवतात. मग ‘युजर्स’मध्ये घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड, आणि कोणाला काय: मुलांना ‘घर’ फक्त वाचायला, टाइमपासमध्ये हवा तेवढा धुडगूस. शेवटी ‘सर्व्हिसेस’मधलं ‘एसएमबी’ (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची सोय) चालू करून दोन्ही फोल्डर त्यात घाला. तिथेच ‘रिसायकल बिन’ची खूण आहे, ती लावा. साधारणपणे नेटवर्कवरून पुसलेली फाइल कचरापेटीत न जाता थेट उडते. ही खूण लावली की ती लपवलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. आमच्याकडे ही सोय दुसऱ्याच आठवड्यात कामी आली.

पासवर्डशिवाय पाहुण्यांचा प्रवेश ठेवायचा मोह होतो, कारण तो सोपा. ठेवू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून असा बिनपासवर्डी प्रवेश अडतो, आणि “कालपर्यंत चालत होतं” हे ऐकत बसावं लागतं.

विंडोजमध्ये ‘धिस पीसी’वर जाऊन ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ निवडा. दोन उलट्या तिरप्या रेघा, मग पत्ता, मग एक उलटी तिरपी रेघ आणि फोल्डरचं नाव. ‘पुन्हा सुरू झाल्यावर जोडा’वर खूण. आता तो साधा ड्राइव्ह झाला. आयफोनमध्ये ‘फाइल्स’ अ‍ॅपमध्ये ‘कनेक्ट टू सर्व्हर’, अँड्रॉइडवर सीएक्स फाइल एक्सप्लोरर किंवा व्हीएलसी.

नावांचा घोळ खास आपला आहे, म्हणून थोडं थांबतो. नानांच्या कॅसेट मी विंडोजवर उतरवल्या होत्या आणि नावं त्यांनीच सांगितली होती, त्यामुळे ती नावं कमी आणि निमंत्रणपत्रिका जास्त होती: अध्यायाचं नाव, कीर्तनकार, काळाराम मंदिर, वासंतिक नवरात्र, तिथी, साथीला कोण. सर्व्हरवर टाकताना नेमक्या याच फाइली अडकल्या. कारण असं की विंडोज नाव मोजतं अक्षरांत, २५५ पर्यंत. ईएक्सटी४ मोजतं बाइटमध्ये, तेही २५५. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. काना, मात्रा, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘ज्ञानेश्वरी’ दिसायला चार अक्षरं, पण खुणा अकरा आणि बाइट तेहतीस. म्हणजे पूर्ण देवनागरी नावाला जेमतेम ८५ खुणा मिळतात. नानांना हे समजावताना मी तबलजींचं नाव वगळायचं सुचवलं. ते मान्य झालं नाही. शेवटी तिथी गेली, तबलजी राहिले.

आणि फोल्डरच्या सुरुवातीला साल लिहा, ‘२०१९ गोदावरी पूर’ असं. मात्र देवनागरी आकडे की इंग्रजी हे एकदाच ठरवा. दोन्ही मिसळले की यादीचे दोन तुकडे पडतात, आणि दुतोंड्या मारुती बुडालेला फोटो भलत्याच टोकाला सापडतो.

आठ तारा

सगळं जोडलं, ‘घर’ कॉपीला लावलं, आणि वेग आला सेकंदाला ११ एमबी. या आकड्याला मी आता लांबूनही ओळखतो. गिगाबिट जाळ्यात मोठ्या फाइली सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात. ११ दिसले म्हणजे कुठेतरी १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) जोडणी आहे. ८०० जीबीला एका वेगाने दोन तास लागतात, दुसऱ्याने वीस.

माझ्याकडे दोन चोर निघाले. ब्रॉडबँडवाल्याने दिलेल्या डब्याला चार तोंडं होती, पण गिगाबिट फक्त पहिलं, बाकीची १०० ची. स्वस्त डब्यांत हे सर्रास असतं. सर्व्हर पहिल्या तोंडात लावला तरी आकडा हलेना. मग केबलचा कनेक्टर उजेडात धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून रंग मोजले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा. चारच. निळी आणि तपकिरी जोडी मागे कापून टाकलेली. इंटरनेट जोडायला आलेल्या मुलाने चार तारांवर भागवलं होतं. १०० ला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. दोन्ही टोकं नव्याने क्रिंप केली, आकडा १०८ वर गेला. लॅपटॉपवरून पहिली मोठी कॉपी करताना तोही तारेनेच जोडा. वाय-फायवरून ती करू नका. पाचशे गिगचे छोटे-छोटे फोटो तसेही हळू जातात, तेवढं समजून घ्या.

वीज

माझा डबा डिस्क फिरत असताना २२ वॉट घेतो, म्हणजे महिन्याला १६ युनिट. हे परवडतं.

खरा प्रश्न दिवे जाण्याचा. मे-जूनच्या वळवाच्या वाऱ्यात आमच्या इंदिरानगरला संध्याकाळी ते चार-पाच वेळा येतात-जातात, आणि डिस्क लिहीत असताना हे होणं वाईट. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे एक छोटं बटण शोधा. बऱ्याच इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे दोन मोड असतात. नॉर्मलमध्ये बॅटरीवर जायला इतका वेळ लागतो की पंखा-दिव्याला कळत नाही, पीसीला कळतं. यूपीएस मोडवर ठेवा. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस या डब्याला आणि राउटरला बराच वेळ पुरतो. शक्यतो मागे यूएसबीचं डेटा तोंड असलेला घ्या (स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना ते नसतं). मग ओपनमीडियाव्हॉल्टमधलं ‘नट’ प्लगइन (वरून जोडायचं जादा सॉफ्टवेअर) बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर नीट बंद करतं. आणि पॉवर बटणाचं काम ‘शटडाउन’ असं ठेवा. आईला सांगितलंय: एकदाच दाबायचं, धरून ठेवायचं नाही.

डबा टीव्हीच्या बंद कपाटात कोंबू नका. उन्हाळ्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बंद कपाटात डिस्क सहज पन्नाशी गाठते. माझा पलंगाखाली होता, धुळीने भरला. आता हॉलमधल्या उघड्या फडताळात आहे.

टीव्ही, मोबाइल आणि बाहेरून

टीव्हीसाठी लगेच जेलीफिन या मीडिया सर्व्हरच्या मागे लागू नका. ‘मिनीडीएलएनए’ प्लगइन चालू करून त्याला टाइमपास फोल्डर दाखवा, की बहुतेक स्मार्ट टीव्हींच्या स्रोतांच्या यादीत तुमचा सर्व्हर उगवतो. टीव्हीवर व्हीएलसी असेल तर तेवढंही नको. पोस्टर आणि माहितीसकट देखणी यादी हवी असेल तेव्हा जेलीफिन आहेच, फुकट आहे, आणि मी स्वतः पाच महिन्यांनी लावलं. एक गंमत: टीव्हीचं लॅनचं तोंड पुष्कळदा १०० एमबीपीएसचंच असतं, त्यामुळे जवळ राउटर असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय त्याहून वेगात चालतं.

घराबाहेरून फोटो बघायचे असतील तर राउटरमध्ये पोर्ट उघडून एसएमबी इंटरनेटवर ठेवू नका. कधीच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला तो एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला, त्यामुळे पोर्ट उघडून काही होतही नाही. टेलस्केल लावा, ते तुमच्याच यंत्रांचं एक खाजगी जाळं इंटरनेटवरून बनवतं. वायरगार्ड या तंत्रावर चालतं, घरगुती वापराला फुकट आहे. त्यांच्या साइटवर लिनक्ससाठी एक ओळीची आज्ञा दिलेली असते, ती एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा द्यायची सोय) सर्व्हरवर चिकटवायची, मोबाइलवर अ‍ॅप टाकायचं, दोन्हीकडे एकच खातं. एवढ्यात होतं.

सिन्नरची प्रत

आता ‘घर’च्या ६२० जीबीच्या प्रती. दोन पोर्टेबल डिस्क, १ टीबीच्या. त्यातली एक ड्रॉवरमधलीच: ‘रिकामी?’ शेवटी उघडली, तिच्यात रहाडीचा व्हिडिओ सापडला. तो सर्व्हरवर घेतला, डिस्कची मोठी चाचणी केली, पास झाली, मग ती पुसून ईएक्सटी४ केली. दुसरी नवी आणली.

‘यूएसबी बॅकअप’ नावाचं प्लगइन आहे. त्याला एकदा सांगायचं की ही डिस्क लागली की ‘घर’ तिच्यावर उतरव. त्यानंतर डिस्क खोचली की काम आपोआप सुरू होतं, संपलं की ईमेल येतो. ईमेलसाठी जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून ‘अ‍ॅप पासवर्ड’ घ्यावा लागतो. तो एवढ्यासाठी तरी घ्याच, कारण डिस्क आजारी पडली तर सर्व्हर त्याच वाटेने कळवतो. प्लगइनमध्ये ‘डिलीट’चा पर्याय बंद ठेवा. चालू असेल तर तुम्ही चुकून पुसलेलं प्रतीतूनही पुसलं जातं. बंद असला तरी बिघडलेली फाइल चांगल्या फाइलवर बसू शकते, म्हणूनच दोन डिस्क आळीपाळीने, आणि दोन्ही कधीही एकाच वेळी जोडायच्या नाहीत.

एक डिस्क घरात कपाटात, दुसरी सिन्नरला मामेभावाकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अदलाबदल. आणल्यावर सर्व्हरला लावायच्या आधी तिच्यातले दोन-चार फोटो, एखादं कीर्तन खरंच उघडून बघतो.

दोन्ही डिस्कवर स्टिकर आहे, मोठ्या अक्षरांत: ‘ही विंडोजवर उघडणार नाही. फॉरमॅट करू का असं विचारेल. नाही म्हणा.’ ईएक्सटी४ ची डिस्क विंडोजला लावली की तो खरोखरच हे विचारतो, आणि मदत करायला उत्सुक असलेला माणूस ‘हो’ म्हणतो. भाऊ गेल्या महिन्यात ‘हो’ म्हणता म्हणता थांबला. स्टिकर तेव्हाचं. या रविवारी तिकडे गेलो तर डिस्क घेऊन आलो आणि केबल सिन्नरलाच राहिली.